हरवलेली पोथी नेमकी कुणाची हरवली?

१७७३ साली जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी इथिओपियाहून युरोपात परतला तेव्हा त्याच्या सामानात हनोख या बायबलमधल्या पूर्वजाच्या नावावरच्या पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. या पुस्तकाचं नाव युरोपातल्या विद्वानांना चांगलं माहीत होतं. नव्या करारात यहूदाचं जे छोटं पत्र आहे, त्यात हनोखाचं एक वचन सरळ उचललेलं आहे. मूळ पुस्तक मात्र तिथे कित्येक शतकं कुणी सबंध पाहिलं नव्हतं. त्यामुळे हरवलेला ग्रंथ सापडला म्हणून गवगवा झाला. इथिओपियातल्या चर्चला यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. तिथे हे पुस्तक गीझ या जुन्या धर्मभाषेत, बायबलचाच भाग म्हणून, अखंड वाचलं जात होतं.

तेव्हा 'लुप्त धर्मग्रंथ' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारावा: लुप्त कुणासाठी? काही ग्रंथांचं फक्त नाव उरलंय, मजकूर गेलाय. काही एका समाजाकडे शाबूत होते आणि बाकीच्यांना पत्ता नव्हता. काही असूनही मुद्दाम बासनात गुंडाळून ठेवलेले होते. लोकप्रिय लिखाणात या तिन्हींना एकाच पोत्यात भरतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पोथ्या मरतात कशा

ग्रंथ नाहीसे झाले म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाळपोळ येते. जाळपोळ झाली हे खरंच. पण जास्त ग्रंथ गेले ते कुणी त्यांची नक्कल केली नाही म्हणून. छपाईच्या आधी ग्रंथ टिकवायचा तर काही पिढ्यांनी तो पुन्हा लिहावाच लागे. दमट हवेत ताडपत्राची पोथी काही शतकं तग धरते. मग कडा झिजतात, दोरीचं भोक फाटत जातं, कसर लागते, वाळवी येते. पपायरस कोरड्या वाळवंटात दोन हजार वर्षं राहतो, ओलाव्यात त्याचा भुगा होतो. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहून ठेवत: 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥' तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात. धोक्यांची ही यादी अनुभवातून आलेली आहे, आणि तिच्यात आगीचं नाव नाही.

नक्कल थांबण्याची कारणं साधी असतात. भाषा बदलते. पूर्वेकडचे यहुदी आणि ख्रिस्ती समाज ग्रीक, सिरियाक, कॉप्टिक अशा आपापल्या भाषांत वाचत गेले, तशा मूळ हिब्रू-अरामी प्रती नकलण्याची गरज संपली. ग्रंथाभोवतीचा समाज विखुरतो. किंवा धर्मपीठ प्रमाण ग्रंथांची यादी ठरवतं. यादीबाहेरच्या पुस्तकावर बंदी घालायचीही गरज पडत नाही. त्याच्या नकलेसाठी कातडं, शाई आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत कोण खर्च करणार?

मौखिक परंपरेत तर कागद-कातड्याचा प्रश्नच नाही, तिथे माणूसच पोथी. जैन परंपरेत चौदा 'पूर्व', म्हणजे सगळ्यात जुने धर्मग्रंथ, सांगितले आहेत. भद्रबाहू हे ते सगळे जाणणारे शेवटचे श्रुतकेवली मानले जातात. त्यांच्यानंतर पूर्वांचं ज्ञान ओसरत गेलं आणि मूळ बारा ग्रंथांपैकी, म्हणजे अंगांपैकी, ज्या बाराव्या अंगात, दृष्टिवादात, ते होते ते अंगही गेलं. श्वेतांबरांनी उरलेली आगमं, म्हणजे धर्मग्रंथ, पुढे पाचव्या शतकात वलभीच्या वाचनेत, म्हणजे पाठ ठरवणाऱ्या सभेत, लिहून घेतली. दिगंबरांच्या मते मूळ अंगं तोवर लोपलीच होती. म्हणजे एकाच धर्माच्या दोन पंथांत 'काय हरवलं' याची उत्तरं वेगळी आहेत.

वेदांच्या ११३१ शाखा

व्याकरणकार पतंजलीच्या महाभाष्यात, 'पस्पशाह्निक' या पहिल्याच भागात, एक मोजदाद आहे: यजुर्वेदाच्या १०१ शाखा, सामवेदाच्या हजार 'वाटा', ऋग्वेद २१ प्रकारचा, अथर्ववेद नऊ प्रकारचा. बेरीज ११३१. आज संहिता उपलब्ध असलेल्या शाखा मोजायला दोन्ही हातांची बोटं आणि वर दोन-चार पुरतात. यावरून 'वेदांचा ९९ टक्के भाग नष्ट झाला' असा निरोप मोबाइलवर फिरत असतो. हा हिशेब चुकीचा आहे. शाखा म्हणजे दर वेळी नवा ग्रंथ नव्हे. दोन शाखांत बहुतेक मंत्र तेच असतात. क्रम, काही पाठ, काही जास्तीचे मंत्र आणि सोबतची ब्राह्मणं-सूत्रं यांत फरक असतो. शिवाय सामवेदाबद्दल पतंजलीचा शब्द 'सहस्रवर्त्मा' आहे. वर्त्म म्हणजे वाट, आणि त्या हजार वाटा गाण्याच्या पद्धती असाव्यात असंही मानलं जातं. नुकसान मोठं आहे, पण ते टक्क्यांत मोजता येत नाही.

त्याच पस्पशाह्निकात एक धागा दडलेला होता. पतंजली चार वेदांची सुरुवात दाखवायला चार वाक्यं देतो. 'अग्निमीळे पुरोहितम्' ऋग्वेदाचं, 'इषे त्वोर्जे त्वा' यजुर्वेदाचं, 'अग्न आयाहि वीतये' सामवेदाचं. ही तिन्ही जिथल्या तिथे सापडतात. अथर्ववेदासाठी तो देतो 'शं नो देवीरभिष्टये'. पण अथर्ववेदाची प्रचलित, शौनक शाखेची संहिता सुरू होते 'ये त्रिषप्ताः'पासून! पतंजली चुकला, की त्याच्यापुढे दुसरी शाखा होती?

१८७५ च्या सुमारास काश्मीरच्या महाराजांकडून अथर्ववेदाचं एक भूर्जपत्री हस्तलिखित मिळालं आणि जर्मनीत ट्युबिंगेनला रॉथ या संस्कृत पंडिताकडे पोचलं. शारदा लिपीतली ती पैप्पलाद शाखेची संहिता निघाली. १९०१ मध्ये तिची छायाप्रत छापली गेली. पण प्रत अतिशय अशुद्ध होती, आणि नेमकं पहिलंच पान गायब होतं. प्रश्न लोंबकळत राहिला. १९५० च्या दशकात दुर्गामोहन भट्टाचार्य यांना ओडिशातल्या खेड्यांत पैप्पलादी ब्राह्मणांच्या घरी ताडपत्राच्या पोथ्या मिळाल्या. त्यांची सुरुवात होती 'शं नो देवीरभिष्टये'. पंडितांच्या लेखी लुप्त झालेली शाखा त्या घरांमध्ये नांदत होती.

मूडबिद्रीचे धवलग्रंथ

दडवून ठेवलेला ग्रंथ बाहेर कसा येतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दिगंबर जैनांच्या षट्खंडागमाचं आहे. परंपरा अशी: गिरनारच्या गुहेत राहणारे आचार्य धरसेन यांना दृष्टिवादाचा थोडा भाग येत होता. आपल्यामागे तो जाणार म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन शिष्यांना तो शिकवला, आणि त्यांनी सूत्रं रचली. नवव्या शतकात वीरसेनांनी त्यावर 'धवला' ही प्रचंड टीका लिहिली. सन ८१६ मध्ये ती पुरी झाली.

पुढे या ग्रंथाच्या जुन्या कानडी लिपीतल्या ताडपत्री प्रती फक्त एका ठिकाणी उरल्या: कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात. यात्रेकरूंना त्यांचं दर्शन मिळायचं, हात जोडून पुढे जायचं. पानं उलटून वाचायची सोय नव्हती, आणि ती लिपी सफाईनं वाचू शकणारेही थोडेच उरले होते. म्हणजे ग्रंथ जागेवर होता, पूजेत होता, आणि तरी लुप्त होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पानं झडू लागली तेव्हा व्यवस्थापकांची नक्कल करायला संमती मिळाली. मात्र ती प्रत बाहेर न्यायची नाही, अशी अट होती. काम वर्षानुवर्षं चाललं. नक्कल करणाऱ्यांपैकी एका पंडितानं गुपचूप स्वतःसाठी वेगळी प्रत करवून घेतली. ती कानडी लिपीतली प्रत उत्तरेत सहारनपूरला पोचली आणि तिची नागरी प्रत करायचं ठरलं. ते काम करणाऱ्यानंही स्वतःपुरती एक प्रत ठेवून घेतली! मग प्रतीवरून प्रती होत गेल्या. अशा प्रतींवरून हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतलं आणि १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळावा खंड यायला १९५८ उजाडलं.

या वाटेत मजकुरावर काय गुदरलं असेल ते पाहा. जुनी कानडी लिपी वाचणारा एक, आधुनिक कानडीत लिहिणारा दुसरा, नागरीत उतरवणारा तिसरा. प्रत्येक टप्प्यावर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल होते. शिवाय दोन वाक्यांचा शेवट एकाच शब्दानं होत असेल तर नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जाते आणि मधला मजकूर गळतो. संपादकांनी अशा गळलेल्या जागा अर्थावरून ताडल्या. पुढे मूळ ताडपत्रांशी ताडून पाहायची परवानगी मिळाली तेव्हा दुरुस्त्या करता आल्या.

नजर घसरण्याची ही चूक जगभर सारखीच आहे. हिब्रू बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात अम्मोनी राजा नाहाश अचानक उगवतो आणि तहासाठी प्रत्येकाचा उजवा डोळा मागतो. हा कोण, डोळाच का, काही कळत नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या गुंडाळीत याआधी एक सबंध परिच्छेद आहे: नाहाशानं आधीच गाद आणि रऊबेन या इस्राएली वंशांतल्या लोकांचे उजवे डोळे काढले होते आणि सात हजार माणसं निसटून याबेश गिलाद या गावात शिरली होती. हा परिच्छेद नकलताना गळला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस यालाही ही हकिगत माहीत होती.

रांजण, कोठी आणि छत

मुद्दाम लपवलेल्या ग्रंथांत सगळ्यात गाजलेला साठा इजिप्तमधल्या नाग हम्मादीचा. डिसेंबर १९४५ मध्ये खतासाठी माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना बंद रांजण मिळाला. आत कातडी वेष्टनातली पपायरसची बाडं होती. बारा बाडं आणि तेराव्याची काही पानं, मिळून ५२ लेख, सगळे कॉप्टिक भाषेत. थॉमसचं शुभवर्तमान त्यातलंच: कथा नाही, फक्त येशूची ११४ वचनं. गंमत म्हणजे त्याचे ग्रीक तुकडे १८९७ पासूनच इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत मिळू लागले होते. पण ते कशाचे तुकडे आहेत हे पूर्ण पुस्तक हाती आल्यावरच कळलं. आणि या 'गुप्त धर्मग्रंथां'च्या साठ्यात प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा एक उतारासुद्धा आहे, तोही वाईट भाषांतरात. म्हणजे जमवणारे लोक हाती येईल ते वाचणारे होते.

बाडं कधीची हे बांधणीवरून कळलं. पुठ्ठा कडक करायला आत रद्दी कागद कोंबलेले होते, आणि एका बाडातल्या रद्दीवर सन ३४८ ची तारीख होती. तेव्हा ते बाड ३४८ च्या नंतरच बांधलेलं. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस यानं पत्र काढून नव्या कराराची २७ पुस्तकं नावानिशी सांगितली आणि बाकीची टाळायला बजावलं. त्यानंतर जवळच्या मठातल्या कुणीतरी ही बाडं पुरली, हा तर्क पटण्यासारखा आहे, पण तर्कच आहे.

सगळ्याच दडलेल्या ग्रंथांमागे भीती नसते. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, म्हणून यहुदी समाज जीर्ण पोथ्या 'गनिझा' नावाच्या कोठीत ठेवतो. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीतून एकट्या केंब्रिजला सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे गेले. बेन सिराच्या ज्ञानग्रंथाचं मूळ हिब्रू, जे शतकानुशतकं फक्त भाषांतरांतून माहीत होतं, ते त्यातून बऱ्याच अंशी हाती लागलं. मुस्लिम परंपरेतही कुराणाची जीर्ण पानं आदरानं ठेवतात किंवा पुरतात. १९७२ मध्ये येमेनमध्ये सना शहराच्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत छताजवळ अशा पानांचा ढीग मिळाला. त्यातल्या एका चर्मपत्री प्रतीत पहिला मजकूर खरवडून वर दुसरा लिहिलेला आहे. वरचा मजकूर प्रचलित पाठाचा. खालचा अतिनील प्रकाशात वाचता येतो आणि त्यात काही शब्द आणि अध्यायांचा क्रम वेगळा आहे. तिसरे खलिफा उस्मान यांनी एक पाठ प्रमाण करून बाकीच्या प्रती बाजूला काढल्या, आणि पैगंबरांच्या इब्न मसऊदसारख्या सहकाऱ्यांचे पाठभेद होते, या दोन्ही गोष्टी इस्लामी ग्रंथांनीच नोंदवून ठेवलेल्या आहेत. सनाच्या पानांमुळे तशा पाठभेदांचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला.

चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांतली पोथ्यांची कोठी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत घालून बंद केली गेली आणि १९०० साली उघडली. तिथलं छापील वज्रच्छेदिका हे बौद्ध सूत्र ११ मे ८६८ या तारखेचं आहे. कोठी का बंद केली यावर अजून वाद आहे. तिबेटी परंपरेत तर ग्रंथ दडवणं ही धर्मातलीच रीत: आठव्या शतकातले बौद्ध गुरू पद्मसंभव यांनी ग्रंथ पुढच्या काळासाठी लपवले आणि ठरलेला माणूस ते शोधतो, काही जमिनीतून, काही थेट मनातून. त्यांना 'तेर्मा' म्हणतात. इतिहासकार त्यांचा काळ सापडल्याच्या शतकात धरतात, श्रद्धाळू आठव्या शतकात.

सापडल्यावर काय बिघडतं

यहूदाच्या शुभवर्तमानाचं बाड १९७० च्या दशकात इजिप्तमध्ये निघालं. हा यहूदा म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, वर आलेल्या पत्राचा यहूदा नव्हे. विकणाऱ्याला प्रचंड किंमत हवी होती, गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ते अमेरिकेत एका बँकेच्या तिजोरीत १६ वर्षं पडून राहिलं. तिथल्या दमटपणानं पपायरस सडू लागला. नंतर एका व्यापाऱ्यानं ते टिकावं म्हणून चक्क फ्रीजरमध्ये ठेवलं. गोठण्यानं तंतूंना धरून ठेवणारा चीक निकामी झाला, पानं काळवंडली आणि हात लावताच चुरा होऊ लागला. पुढे तज्ज्ञांना सुमारे हजार तुकडे जुळवत बसावं लागलं. २००६ मध्ये मोठ्या गाजावाजानं भाषांतर आलं आणि यहूदा नायक ठरला. मूळ कॉप्टिकमध्ये येशू त्याला तेरावा 'दैमोन' म्हणतो. पहिल्या भाषांतरात त्याचं 'आत्मा' झालं. इतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की अशा लिखाणात या शब्दाचा नेहमीचा अर्थ दुष्ट शक्ती असा आहे, आणि नायकाचं चित्र डळमळलं.

याच बाडावर तारखांचं गणितही शिकता येतं. कार्बन मापन सांगतं सन २८०, साठ वर्षं इकडे-तिकडे. हे वय पपायरसचं. मजकूर त्याहून जुना, कारण इरेनियस या बिशपनं सन १८० च्या सुमारास या नावाच्या पुस्तकावर टीका केलेली आहे. आणि ज्या घटनांबद्दल तो बोलतो त्या आणखी दीडशे वर्षं मागच्या. पानाचं वय, रचनेचं वय आणि घटनेचं वय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत बहुधा एकच आकडा येतो.

पानाचं वय जुनं निघालं म्हणून मजकूर खरा ठरत नाही. २०१२ मध्ये 'येशूच्या पत्नी'चा उल्लेख असलेला पपायरस जाहीर झाला. पपायरस खरोखर मध्ययुगीन होता. पण त्यावरची वाक्यं थॉमसच्या शुभवर्तमानातून कातरून जोडलेली होती, आणि त्या पुस्तकाच्या इंटरनेटवरच्या एका प्रतीत जे अक्षर चुकून गळलंय, तेच इथेही गळलेलं होतं. जुना कोरा तुकडा बाजारात मिळतो, शाई घरी करता येते. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून घेतलेले सगळे सोळा तुकडे २०२० मध्ये बनावट ठरले. त्यातले बहुतेक जुन्या चामड्यावर हल्ली लिहिलेले होते. शाई चामड्याच्या भेगांत ओघळली होती. चामडं नवं असताना लिहिलं असतं तर तेव्हा भेगा नसत्या.

चांगल्या हेतूनंही नासधूस होते. १९५० च्या दशकात कुमरानचे तुकडे जोडायला साधी पारदर्शक चिकटपट्टी वापरली गेली. तिचा गोंद चामड्यात मुरला, डाग पडले, आणि ती सोडवण्यात पुढच्या पिढीची वर्षं गेली.

कटाच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. सन ३२५ च्या निकिया इथल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेनं शुभवर्तमानं निवडली आणि बाकीची जाळली, ही कथा खोटी आहे. त्या परिषदेचे वीस नियम उपलब्ध आहेत, एकही पुस्तकांच्या यादीबद्दल नाही. व्हॅटिकनच्या 'गुप्त' दफ्तरातला लॅटिन शब्द 'खाजगी' या अर्थाचा होता. ते दफ्तर संशोधकांना १८८१ पासून खुलं आहे, आणि २०१९ मध्ये नावातून तो शब्दही काढला.

जे खरंच गेलं त्याचा माग बहुधा शत्रूच्या किंवा सारांश लिहिणाऱ्याच्या घरी लागतो. चार्वाकांची बृहस्पतिसूत्रं आपल्याला खंडन करणाऱ्यांच्या अवतरणांतूनच माहीत आहेत, आणि खंडन करणारा सोयीचंच उचलतो. पारशी धर्मग्रंथ अवेस्ताचे २१ नस्क, म्हणजे भाग, होते. त्यातला वेंदिदाद तेवढा सबंध उरला. बाकीच्यांत काय होतं त्याचा गोषवारा नवव्या शतकातल्या 'देनकर्द'मध्ये आहे. अनुक्रमणिका हातात आणि ग्रंथ बेपत्ता, अशी ती अवस्था.

उलट टोकाला एन-गेदीची गुंडाळी आहे. १९७० मध्ये मृत समुद्राकाठी जळलेल्या सिनेगॉगच्या अवशेषांत ती मिळाली. कोळशाचा ढेकूळच तो, उलगडायला गेलं तर राख. ४५ वर्षं ती तशीच ठेवली होती. मग क्ष-किरणांनी तिचे अत्यंत बारीक छेद टिपले, संगणकावर एकेक वेढा ओळखून सपाट केला, आणि शाईतल्या धातूमुळे अक्षरं उजळ उमटली. मजकूर होता बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचे पहिले दोन अध्याय, आणि त्यातली व्यंजनं आज प्रचलित असलेल्या हिब्रू पाठाशी तंतोतंत जुळत होती.